मैनेचं अर्धं वाक्य

प्रकाशनाच्या कचेरीत त्यांना सगळे चाळणबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. कुमारवयातल्या मुलामुलींसाठी जी पुस्तकं निघत, ती त्या बघत. हस्तलिखित त्यांच्या टेबलावरून गेलं, की त्यातले खडे निघालेच म्हणून समजा. सावळ्या मुलीला गोरं होण्याची स्वप्नं पडली, की बाईंची हिरवी पेन्सिल थबकायची. जाड्या मुलाला नुसतं हसण्यापुरतं गोष्टीत आणलं, की समासात प्रश्नचिन्ह. लेखक वैतागायचे. एकाने तर चिठ्ठी जोडून विचारलं होतं, 'गोष्टीतल्या कुत्र्याला कुत्रा म्हटलेलं चालेल ना?' बाईंनी खाली लिहून पाठवलं, 'कुत्र्याची हरकत आल्यास कळवू.'

हे वेड त्यांना उगीच लागलेलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या हातून एक कादंबरी गेली होती. त्यात एक चहाडखोर मुलगी होती, आणि ती तिरळी होती. तिरळी का, तर लेखकाला चटकन ओळखू येणारी खलनायिका हवी होती, बाकी कारण काही नाही. बाईंना तेव्हा त्यात काहीसुद्धा खुपलं नाही. पुस्तक बाहेर पडलं आणि काही दिवसांनी एक आई आपल्या मुलीला घेऊन कचेरीत आली. आरडाओरडा नाही, धमकी नाही. मुलीला मालकांसमोरच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "ही तुमची वाचक. वर्गात हिला आता तुमच्या पुस्तकातल्या नावानं हाक मारतात." मुलगी मान वर करेना. बाई प्रुफांचा गठ्ठा छातीशी धरून दारात उभ्या होत्या, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्यांना झालं होतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतर मालकांनी कचेरीला एक नियम घालून दिला. गोष्टीत कुणाचं व्यंग, आजार, दुबळेपण आलं असेल, तर ती गोष्ट आधी त्याच वाटेवरून चालणाऱ्या कुणालातरी वाचायला द्यायची. त्यानं हो म्हटलं तरच छापायची, आणि पहिल्या पानावर त्याचं नाव आभारासकट घालायचं. त्या पानाला कचेरीत साक्षीचं पान म्हणत. चाळणबाईंचा या पानावर फार जीव. कुणी जबाबदारीचा विषय काढला, की त्या पुस्तक उघडून आधी ते पान दाखवायच्या.

आता मास्तरांची कादंबरी आली. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, मुलांचे लाडके लेखक, आणि स्वभावानं फटकळ. त्यांच्या नव्या कादंबरीची नायिका बोलताना अडखळणारी मुलगी होती. वर्ग हसतो, ती कोपऱ्यात बसते, एक मैत्रीण जिवाला जीव देते. सगळं छान, मनापासून लिहिलेलं. शेवटी शाळेच्या व्यासपीठावर ती ध्वनिक्षेपकासमोर उभी राहते, सगळी मुलं टाळ्या वाजवून तिला धीर देतात, आणि ती एका दमात म्हणते, 'मी माझं नाव सांगते!' जीभ मोकळी, अडखळणं गायब, पुस्तक समाप्त.

बाईंना हा शेवट पटला नव्हता. त्यांनी मास्तरांना कचेरीत बोलावून सांगितलंही.

"मास्तर, टाळ्यांनी अडखळणं जातं का?"

"गोष्टीत जातं," मास्तर म्हणाले. "मुलांना काही आशा द्यायची की नाही? का सगळ्यांना दवाखान्याचा कागद वाचून दाखवायचा?"

"आणि जिचं जाणार नाही, तिनं काय समजायचं? आपल्यातच हिंमत कमी?"

"अहो बाई, तुमच्या नियमानं उद्या चोराची गोष्ट लिहिली तर चोराची सही आणू काय?"

"चोर वाचायला येणार नाही, मास्तर. ही मुलगी येईल."

मास्तरांनी टेबलावरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली. "मग विचारा की अशाच एखाद्या मुलीला. तिनं नको म्हटलं तर बदलतो शेवट. शब्द देतो."

आणि अशी मुलगी तर बाईंच्या घरातच होती.

बाईंच्या धाकट्या बहिणीची लेक. घरात तिला मैना म्हणत. हे लाडाचं नाव ती बोलायला लागायच्या आधीच पडलं होतं, आणि पुढे ते बदलायचं धैर्य कुणालाच झालं नाही. मैना आता शाळेच्या शेवटच्या वर्षांत होती, उंच, शहाणी, वाचनाचं जबर वेड असलेली. बाईंना स्वतःचं मूल नव्हतं. मैनेवर त्यांचा इतका जीव, की धाकटी चिडवायची, "ताई, मी नुसती जन्म द्यायला होते, बाकी तूच."

मैना लहान असताना दोघी एकदा दुकानात गेल्या होत्या. मैनेला खोडरबर हवं होतं आणि शब्द निघेना. दुकानदार आधी हसला, मग मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. त्यांनी पोरीच्या तोंडातला शब्द घेतला आणि त्याच्या अंगावर फेकला, "खोडरबर!" तेव्हापासून ती सवयच झाली. मैना कुठे थांबली, की बाई शब्द पुरवायच्या. खिडकी, सहल, भूमिती, डोकेदुखी. वर्षानुवर्षं लेखकांची लंगडी वाक्यं सरळ करणारी बाई ती. तिला त्यात काही अवघड नव्हतं. मैना मान डोलवायची आणि बोलणं पुढे जायचं. वाचेचे उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीला बजावून सांगितलं होतं, की तिचे शब्द तिला पूर्ण करू द्या, मध्ये पडू नका. धाकटीनं ते बाईंना सांगितलंही होतं. पण ते बाहेरच्यांसाठी आहे, असं बाईंनी धरलं. आपण काय परके आहोत?

मैनेनं हस्तलिखित घरी नेऊन वाचलं आणि एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती कचेरीत आली. प्रुफांच्या खोलीत, खळीच्या वासात, दोघी समोरासमोर बसल्या. मास्तरांनी नायिकेचं बोलणं जागोजागी अक्षर फोडून, मध्ये आडव्या रेघा मारून लिहिलं होतं. मैनेनं त्यावर बोट ठेवलं.

"हे असं नाही होत माझं. मी अक्षर परत परत नाही म्हणत. माझं बंदच होतं. ते दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं मला काही सांगायचंच नाही."

हे सांगायला तिला बराच वेळ लागला. मधली थांबणी इथे रेघा मारून दाखवायची नाहीत, एवढं शहाणपण ही गोष्ट सांगणाऱ्याला मैनेकडूनच मिळालेलं आहे. बाईंनी तिथल्या तिथे हिरवी पेन्सिल घेतली आणि पहिल्या प्रकरणापासून सगळ्या रेघा उडवायला सुरुवात केली. त्यांना भरून आलं होतं. हेच तर हवं होतं, त्यांच्या मनात आलं. याचसाठी ते पान.

तेवढ्यात मालक दारात आले. पुस्तक दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडायच्या आत बाजारात यायला हवं होतं, आणि छापखाना खोळंबला होता. "झालं का, बाई?" त्यांनी विचारलं.

"होतच आलं," बाई म्हणाल्या. "आणि शेवट, मैना?"

"शेवट मला," मैना म्हणाली, आणि तिचं बंद झालं.

ओठ मिटलेले, हनुवटी किंचित वर, डोळे मावशीवर. मालकांनी चौकटीला टेकून पायावरचा भार बदलला. बाईंनी वाट पाहिली. म्हणजे त्यांना वाटलं की पाहिली.

"आवडला?" बाई म्हणाल्या.

मैनेनं मालकांकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि मान डोलावली.

त्या क्षणी त्या डोळ्यांत काय होतं ते बाईंना दिसलं नाही असं म्हणता आलं असतं, तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. पण दिसलं होतं. ओझरतं दिसलं, आणि बाईंनी दुसरीकडे पाहिलं. मास्तरांशी पुन्हा डोकं फोडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पोरीच्या एका होकारानं सगळ्यांची सुटका होत होती, सगळ्यांत आधी बाईंची.

पुस्तक निघालं आणि वाऱ्यासारखं खपलं. साक्षीच्या पानावर मैनेचं पूर्ण नाव होतं, आणि खाली ओळ: 'या वाटेवरून चालणाऱ्या आमच्या वाचक मैत्रिणीने ही गोष्ट वाचली आणि ती खरी असल्याची ग्वाही दिली.' ओळ बाईंनी स्वतः लिहिली होती. प्रकाशकांच्या एका मेळाव्यात त्यांना भाषणाला बोलावलं. विषय होता, कुमारांच्या पुस्तकांची नैतिक जबाबदारी. बाईंनी आडव्या रेघांची हकीकत सांगितली. 'आम्ही मुलांच्या वतीनं बोलत नाही, आम्ही मुलांचं ऐकतो,' असं त्या म्हणाल्या, आणि समोरची माणसं भारावून टाळ्या वाजवत राहिली. घरी येऊन त्यांनी ते भाषण मैनेला फोनवर वाचून दाखवलं. मैना पलीकडे गप्प होती. बाईंना वाटलं, पोरगी हरखली.

मग मैनेच्याच शाळेनं ते पुस्तक नेमलं. मुख्याध्यापिकाबाईंना आनंदाचं भरतं आलं, आपल्याच शाळेतल्या मुलीचं नाव छापलेलं! त्यांनी सभागृहात कार्यक्रम ठेवला: मास्तर येणार, मालक येणार, आणि पुस्तकाचं शेवटचं पान कोण वाचणार, तर मैना.

धाकटीचा फोन आला. "ताई, ती नको म्हणतेय. तिच्या वर्गातल्या मुली तिला म्हणतात, तूच तर लिहून दिलंस ना, की हिंमत केली की जातं? मग करत का नाहीस?"

"अगं, पोरी आहेत, बोलायच्याच. तू जरा धीर दे तिला. एकदा उभी राहिली की—"

"की काय?" धाकटी म्हणाली.

बाई थांबल्या. पुढचं वाक्य मास्तरांच्या पुस्तकातलं होतं. पण त्यांनी तेही ओळखलं नाही, ओळखायचं टाळलं, आणि म्हणाल्या, "होईल गं सगळं नीट."

कार्यक्रम दुपारी होता. सभागृह मुलींनी गच्च भरलेलं, पंखे घरघरत होते. पहिल्या रांगेत मास्तर, मालक, बाई आणि धाकटी. मैना व्यासपीठावर आली, पुस्तक उघडून उभी राहिली आणि वाचायला लागली. एकदा अडली, सुटली. पुन्हा अडली, सुटली. तिला तिची गती होती, आणि ऐकणाऱ्याला सवय झाली की त्यात काही अडत नव्हतं. मग ते शेवटचं वाक्य आलं.

"मी माझं," मैना म्हणाली, आणि बंद झालं.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली. मुलींनी पुस्तक वाचलेलं होतं. अशा वेळी काय करायचं ते पुस्तकात लिहिलेलं होतं. दुसरी टाळी, तिसरी, आणि बघता बघता सगळं सभागृह एका ठेक्यात टाळ्या वाजवू लागलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मुलींचे चेहरे प्रेमानं फुलले होते. आणि मैना त्या टाळ्यांसमोर ओठ मिटून उभी होती, मानेच्या शिरा ताणलेल्या, पानावरची बोटं पांढरी पडलेली. टाळ्या वाढत होत्या. मास्तर खुर्चीत पुढे सरकून बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळत गेलं.

"नाव!" चाळणबाई म्हणाल्या.

मोठ्यानं, खणखणीत, त्या दुकानात म्हणाल्या होत्या तसंच. टाळ्या एकदम थांबल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. मुख्याध्यापिकाबाई घाईनं उठून म्हणाल्या, "शाब्बास, शाब्बास." मैनेनं पुस्तक मिटलं, स्टँडवर ठेवलं आणि बाजूच्या दारानं निघून गेली.

बाई मागोमाग धावल्या. पण मैना स्वच्छतागृहात शिरली होती आणि दाराशी धाकटी उभी होती.

"आत नको जाऊस, ताई."

"अगं, मला बघवेना तिचं. मी नुसती मदत..."

"तिला शेवट आवडला नव्हता," धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ज्या दिवशी तुझ्या कचेरीतून आली, त्याच दिवशी मला म्हणाली, शेवट खोटा आहे. मी विचारलं, मग मावशीला सांगितलंस का? तर म्हणाली, मावशीनंच सांगितलं."

बाईंच्या तोंडातून निघायचं तेच निघालं. "पण तिनं मान डोलावली होती. मालक साक्षीला आहेत."

"ती तुझ्यासमोर मान डोलावतेच गं. लहानपणापासून. लवकर संपतं ना."

"मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"वाटलं, दोघींचं काही ठरलं असेल. माझंही चुकलं," धाकटी म्हणाली आणि दारावर हलकेच टकटक करायला वळली. बाई त्या ओल्या, चुन्याचा वास येणाऱ्या बोळात उभ्या राहिल्या. शेजारून मुली रांगेनं जात होत्या आणि प्रत्येकीच्या हातात ते पुस्तक होतं. लाजेनं माणूस लाल होतो म्हणतात. बाई गार पडल्या होत्या. तिरळ्या मुलीची आई निदान कचेरीत येऊन उभी राहिली होती. या मुलीला यायला जागाच ठेवली नव्हती. तिचं नाव आधीच पहिल्या पानावर घालून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मालकांच्या खोलीत गेल्या. मास्तरही तिथेच बसले होते. ते स्वतःहून आले होते, टोपी मांडीवर ठेवून. बाईंनी बसायची वाट पाहिली नाही.

"साक्ष खोटी आहे," त्या म्हणाल्या. "मुलीनं हो म्हटलंच नव्हतं. हो मी म्हटलं."

मास्तर उसळले. "म्हणजे मला फसवलंत? मी शब्द दिला होता, नको म्हटलं तर बदलेन म्हणून! काल त्या पोरीचा चेहरा बघून मला रात्रभर डोळा लागला नाही. टाळ्या मी लिहिल्यात, बाई. मी."

"तुम्ही लिहिल्यात, मी छापल्या. आणि छापताना तिच्या नावाची ढाल केली."

नवी आवृत्ती यंत्रावर चढायच्या बेतात होती, हे तिघांनाही ठाऊक होतं. "दारात मीही उभा होतो, बाई," मालक म्हणाले. "मलाही दिसलं होतं. मी घड्याळ बघितलं." मग त्यांनी फोन उचलून छापखान्याला सांगितलं, की सध्या थांबा. फोन ठेवून त्यांनी विचारलं, "पण मग तिला शेवट हवाय तरी कसा?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी विचारलंच नाही कधी."

म्हणून रविवारी त्या धाकटीच्या घरी गेल्या. मैना स्वयंपाकघरात टेबलाशी बसून वह्यांना कव्हरं घालत होती. धाकटीनं ताईला पाणी दिलं आणि ती बाहेरच्या खोलीत गेली. बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. येताना वाटेत त्यांनी पुष्कळ वाक्यं जुळवली होती, चांगली, सरळ, अपराध कबूल करणारी. ती सगळी त्यांनी बाजूला ठेवली.

"मैना, मी चुकले. पुस्तक थांबवलंय आम्ही. तुझं नाव काढायचं का ठेवायचं, शेवट कसा हवा, सगळं तू सांग. मी मध्ये बोलणार नाही."

मैनेनं कव्हराची घडी नखानं दाबून पक्की केली. मग मान वर केली.

"मावशी, मी तुला," ती म्हणाली, आणि बंद झालं.

ओठ मिटलेले. हनुवटी किंचित वर. नळातून थेंब पडत होता. बाईंच्या जिभेवर शब्द येऊन बसला. माफ केलं. दुसरं काय असणार? मी तुला माफ केलं. पोरगी मनानं मोठी, तिला तेच म्हणायचं होतं, आणि नुसतं ते उचलून द्यायचा अवकाश होता. बाईंनी दात आवळले. पदर मुठीत धरला. इतका वेळ एखादा माणूस एका शब्दासाठी झगडतो आणि आपण नुसतं बघत बसायचं, हे किती अवघड असतं ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. डोळ्यांत पाणी आलं तरी त्या गप्प राहिल्या. मैना त्यांच्याकडे बघत होती. मावशी आता बोलेल, आता बोलेल, याची वाट पाहत असावी. मावशी बोलली नाही.

"घाबरते," मैना म्हणाली.

बाईंना आधी अर्थच लागेना.

"बोलताना," मैना म्हणाली. ती थांबली, पुन्हा सुरू झाली, तिला हवा तेवढा वेळ घेत. "सगळ्यांत जास्त तुला घाबरते. बाकीचे कंटाळून निघून जातात. तू माझा शब्द घेतेस. आणि पुष्कळदा तो माझा नसतोच."

बाईंनी मान डोलावली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. खिडकी, सहल, भूमिती, डोकेदुखी. एकेक शब्द त्यांना आठवत होता, आणि त्यातला खरा कुठला होता हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

मैनेनं पुढची वही ओढली. "शेवट सांगू?" तिनं विचारलं.

बाई थांबल्या.